वडलांच्या फोल्डरचा पासवर्ड

अंबडच्या आमच्या घरात दोन वकील होते, वरच्या मजल्यावर वडील आणि खाली काका. दोघांचे कॉम्प्युटर जिन्यावरून सोडलेल्या निळ्या वायरने मीच जोडले होते, त्यामुळे काहीही बिघडलं की बोलणी मलाच.

एकदा बांधाच्या भांडणात वडलांनी एका शेतकऱ्याचं वकीलपत्र घेतलं आणि काकांनी त्याच्या शेजाऱ्याचं. तोवर दोघांच्या फायली एकाच उघड्या फोल्डरात सुखाने नांदत होत्या. आता वडलांना घाम फुटला. "खालून त्याला माझं सगळं दिसून राह्यलं ना? बंद कर, जल्दी!"

मी त्यांचा फोल्डर वेगळा करून त्याला पासवर्ड लावायला बसले. पासवर्ड टाइप करताना त्यांनी मलाच भिंतीकडे तोंड करायला लावलं. पोटच्या पोरीवर एवढा विश्वास!

दुसऱ्या दिवशी खोलीला आतून कडी घालून त्यांनी काकांच्या साक्षीदाराला विचारायचे प्रश्न टाइप केले आणि ऐटीत प्रिंटचं बटण दाबलं.

घरात प्रिंटर एकच होता, काकांच्या टेबलावर.

थोड्या वेळाने काका हातात दोन कागद घेऊन जिना चढून आले आणि त्यांनी दार वाजवलं. "दादा, नववा प्रश्न बिलकुल विचारू नको. तुझाच अशील गोत्यात येईल."

वडलांनी कागद घेतले, नववा प्रश्न मुकाट्याने खोडला आणि ते माझ्यावर खेकसले, "पासवर्ड बदल!"