दुपारची तहान

भर दुपारी माठावरची पितळी ताटली खण्णकन वाजली, की आजही माझ्या छातीत धस्स होतं. किती क्षुल्लक तो नाद! पण त्या वर्षी डिंभ्याच्या आमच्या घरात भय शिरलं ते त्या नादाच्याच मागोमाग.

आमच्या ह्यांना दम्याने पार पिळून काढलं होतं. घोडेगावच्या डॉक्टरांनी सकाळच्या खाण्यानंतर घ्यायला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, आणि काय सांगू, चार दिवसांत श्वास असा मोकळा झाला, जणू धरणावरचा वाराच उरात भरला! मात्र ह्या गोळ्यांनी रक्तातली साखर वाढते, तपासत राहा, असं त्यांनी बजावलं होतं. रक्त द्यायचं ते उपाशीपोटी, हे साऱ्या गावाचं ठरलेलं. म्हणून मी पहिल्या एस.टी.ने ह्यांना अनशापोटी न्यायची, रक्त काढणाऱ्याकडून 'ठीक आहे' ऐकलं की डॉक्टरांना न भेटताच परतीची गाडी धरायची. असं दोनदा झालं. ह्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला, तर शेजारीण म्हणाली, "भाऊजी लई सुधारले गं!" मीही सुखावले. कसला अजाण तो आनंद! ती सूज गोळ्यांचीच होती.

ताटली मात्र वाजतच होती. सकाळभर मुकी, आणि उन्हं कलली की तांब्यावर तांब्या. मार्गशीर्षातल्या गारठ्यात ही कसली तृष्णा?

तिसऱ्या खेपेला पहिली एस.टी. आलीच नाही. थांब्यावरच ह्यांनी भाकरी खाल्ली, गोळी घेतली. पोचलो तेव्हा दुपार टळलेली.

"बाबा, जेवून आलात व्हय?" रक्त काढणारा कुरकुरला.

"गाडीच न्हाई आली, भाऊ. आलोय तर बघा तेवढं."

आकडा पाहून त्याने आम्हाला थेट डॉक्टरांकडे धाडलं. ते म्हणाले, "मावशी, सकाळच्या गोळीने साखर दुपारनंतर चढते, तहानही तेव्हाच लागते, आणि पहाटेपर्यंत साखर उतरते. तुम्ही उतरलेलीच बघत होता." गोळी सोडावी तर श्वास कोंडणार, घ्यावी तर रक्त गोड होणार. माणसाने जावं कुठे? "मनाने बंद मात्र करायची नाही," ते म्हणाले. साखरेचं औषध सुरू झालं, गोळीचं प्रमाण हळूहळू कमी करायचं ठरलं. पण ती गाडी वेळेवर आली असती तर?

माझं दचकणं ह्यांच्या ध्यानात आलं असावं. एके दिवशी माठावर लाकडी झाकण दिसलं. "तुझा जीव घाबरतो म्हणून," म्हणाले. ती दुपार कशी नीरव गेली! आणि हे किती पाणी प्याले, ते मला कळलंच नाही. संध्याकाळी ते झाकण मी चुलीत सारलं, ताटली पुन्हा ठेवली.

आत्ता लिहिता लिहिता ती वाजली. जेवणानंतरची ही दुसरी खेप.