बोंबलांशेजारी वाळलेला ऑसिलोस्कोप

तुळशीदास वरळीकराला समुद्र लागायचा. वरळी कोळीवाड्यात जन्मलेल्या, बाप नाखवा असलेल्या पोरानं होडीत पाय ठेवला की ओकायला सुरुवात करावी, ही गोष्ट वाड्यानं त्याला कधी विसरू दिली नाही. बापानं लिंबू हुंगायला दिलं, देवीला नवस बोलला, कमरेला काळा दोरा बांधला. समुद्र काही ऐकेना. शेवटी बाप म्हणाला, "याला गिरनीत टाका. तिथं जमीन हलत नाय."

जमीन तिथंही हलायची. मागखातं सुरू झालं की खालची फरशी पायांतून दातांपर्यंत थरथरायची. पण ती थरथर तुळशीदासला मानवली. तो इलेक्ट्रिक खात्यात लागला, डिलाईल रोडच्या चाळीत जेवायला जाऊ लागला, आणि ज्या विणकऱ्याच्या घरी जेवायचा त्याच्याच मुलीशी, कालिंदीशी, त्यानं लग्न केलं. कोळ्याचा मुलगा आणि मालवणकडची मुलगी. चाळीला महिनाभर दुसरा विषय नव्हता. मग नलू झाली आणि चाळीनं दुसरा विषय शोधला.

संप आला आणि गेलाच नाही. पुढाऱ्यांची भाषणं संपली, मोर्चे संपले, गावाला गेलेले लोक गावालाच राहिले, पण संप काही कुणी मिटवला नाही. तो गिरणीच्या फाटकावर गंजत राहिला. तुळशीदास दोन वर्षं खोलीतल्या एका कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसून होता. मग गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात त्याला काम मिळालं, आणि तिथं पहिल्यांदा त्यानं ऑसिलोस्कोप पाहिला.

गिरणीत विजेशी त्याचा संबंध होता तो झटक्याचा आणि जळालेल्या फ्यूजच्या वासाचा. वीज कधी कुणाला दिसली नव्हती. इथं एका गोल काचेवर ती हिरवी रेघ होऊन समोर आली आणि तालात वरखाली होऊ लागली. भोवतालचं सगळं गिरणगाव थांबलेलं, भोंगे मुके, चिमण्या रिकाम्या. आणि ही एक रेघ मात्र न थकता चालत होती. तुळशीदास बघत राहिला. लाट होती, पण ओकारी येत नव्हती.

तेव्हापासून त्याला नाद लागला. रविवारी तो चोर बाजारात जायचा आणि जुने, काचेच्या व्हॉल्ववाले, कुणालाही नको असलेले ऑसिलोस्कोप शोधायचा. दुकानातली कामं लोकांच्या घाईची असत. हे काम कुणाच्याच घाईचं नव्हतं. दोन लहान यंत्रं त्यानं अशी जिवंत केली होती. ती माळ्यावर पापडाच्या डब्यांशेजारी बसली होती.

मग नलूचं लग्न झाल्यावर एके वर्षी, होळीनंतरच्या रविवारी, त्यानं मोठा आणला. लोखंडी ट्रंकेएवढा, तांदळाच्या पोत्याएवढा जड. हमालानं तो खोलीत ठेवला तेव्हा भांडी किणकिणली.

कालिंदी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "हे काय?"

"ऑसिलोस्कोप."

"माळ्यावर आहेत ते काय?"

"तेही तेच. हा मोठा."

"म्हणजे त्यांचा बाप आला राहायला. चालतो का?"

"सध्या बंद आहे."

"सध्या म्हणजे बंदच ना?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "अहो, अक्षय्यतृतीयेला नलू येतेय बाळंतपणाला. पोरीचं पहिलं बाळंतपण. त्या कोपऱ्यात तिची खाट टाकायची आहे. आणि बाळंतिणीच्या खोलीत बंद पडलेली वस्तू नको. घड्याळ थांबलं तर मी भिंतीवरून उतरवते, माहीत आहे ना? हे चालू झालं तर करीन कुठंतरी जागा. नाही झालं तर शामरावला सांगते, घेऊन जाईल."

शामराव पूर्वी गिरणीत कताई खात्यात होता. आता भंगाराची हातगाडी चालवायचा आणि कशाकडेही पाहिलं की त्याला आतलं तांबं दिसायचं.

"संपात मी दोन वर्षं याच कोपऱ्यात बंद होतो," तुळशीदास म्हणाला. "तेव्हा नाही बोलावलंस शामरावला?"

"तेव्हा शामरावही बंदच होता," कालिंदी म्हणाली.

तुळशीदास हसला, पण ते बोलणं त्याच्या आत कुठंतरी अडकून राहिलं. यंत्राला टेकून त्यानं झाकण उघडलं. आत चिनीमातीच्या खाचेदार पट्ट्या ओळीनं बसवलेल्या, त्यांवर तारा अशा नेटक्या, की कुणीतरी वेणी घातली असावी. आणि त्या सगळ्यावर काळ्या तेलकट धुळीचा थर. कुण्या प्रयोगशाळेच्या अडगळीत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं हे यंत्र शामरावच्या हातोड्याखाली जाणार, या कल्पनेनं त्याला कसंतरीच झालं. ते वाचवायचं, एवढं त्यानं ठरवलं.

पहिली पायरी अंघोळ. जुनी व्हॉल्वची यंत्रं धुतात हे लोकांना खोटं वाटतं. पण व्हॉल्व काढून, ट्रान्सफॉर्मरला प्लास्टिक बांधून, साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुतलं की ती खरंच नवी होतात. अट एकच: नंतर ती हाडापर्यंत वाळली पाहिजेत. तुळशीदासनं यंत्र चाळीच्या नळावर नेलं. रांगेत हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांचा विश्वास बसेना.

"भावोजी, टीव्हीला अंघोळ?" शेजारची मीनाक्षी म्हणाली.

"टीव्ही नाही वहिनी."

"मग मॅच दिसत नाही याच्यात?"

"रेघ दिसते."

"रेघ बघायला एवढं मोठं मशीन? आमच्या पोराच्या वहीत बघा की. सरळ एक नाही." सगळा नळ हसला. मग मीनाक्षीनंच आपला हंडा बाजूला करून त्याला नंबर दिला आणि पाठ घासायला काथ्याही देऊ केला.

वाळवायचं कुठं, हा प्रश्न होता. चाळीच्या त्यांच्या बाजूला ऊन पाहुण्यासारखं येऊन उभ्याउभ्याच परत जायचं. पण तुळशीदास कोळ्याचा मुलगा. वाळवण म्हटलं की त्याला एकच जागा आठवणार. टॅक्सीत घालून त्यानं यंत्र वरळीला बहिणीकडे नेलं.

सखुबाई मासळी विकायची. अंगणात मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या, आणि दोऱ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून लटकत होते.

"दादूस, यो काय आनलास रं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "होडीचं इंजन?"

"याला ऊन पाहिजे, सखू. चांगलं कडक."

"उनाला काय तोटा? ठेव तिथं बोंबलांपाशी. बोंबील वालतंय तसा योबी वालंल."

यंत्र एका बाजल्यावर उघडं पडून राहिलं. वरून ऊन, समोरून समुद्राचा वारा. सखुबाई ताजे बोंबील खाडीच्या पाण्यात खळबळून, झटकून दोरीवर टाकायची. एक मांजर येऊन यंत्रात डोकं घालून बसायचं. तुळशीदास दुकानातून सुटला की येऊन बोटानं चाचपून बघायचा. कडकडीत वाळलं तेव्हा त्यानं समाधानानं यंत्र घरी आणलं.

कालिंदीनं नाकाला पदर लावला. "वाळवायला नेलंत की तळायला?"

तुळशीदासनं लक्ष दिलं नाही. पुढचे कितीतरी दिवस तो सकाळी दुकानात जाण्याआधी कामाला बसला. लॅमिंग्टन रोडवरून कंडेन्सर आणले, फुगलेले काढून नवे टाकले, व्हॉल्वचे पाय घासले. मग डिमरस्टॅट लावून वीज थोडी थोडी वाढवत नेली, आजाऱ्याला पेज पाजावी तशी. व्हॉल्व एकेक करून तांबूस झाले. काचेवर हिरवा ठिपका उमटला, लांबला, रेघ झाली.

"कालिंदी! बघ, बघ!"

ती हात पुसत आली. रेघ दिसली. आणि त्या दोघांच्या डोळ्यांदेखत ती सावकाश वर सरकू लागली, मधली खूण ओलांडून गेली, आणि काचेच्या वरच्या कडेपलीकडे निघून गेली.

"कुठं गेली?" कालिंदीनं विचारलं.

"वर."

"वरच्या मजल्यावर?"

त्यानंतर ते तसंच होत राहिलं. बटण फिरवून रेघ खाली आणावी, तर ती जराशानं पुन्हा वर निघून जायची. तुळशीदासनं व्हॉल्व बदलले, रेझिस्टर बदलले, माळ्यावरच्या लहान भावंडांतून सुटे भाग काढून लावून पाहिले. रेघ थांबेना. सकाळच्या दमट हवेत तर ती दिसताक्षणी पळायची. शामराव एकदा सहज म्हणून येऊन यंत्राभोवती फिरून गेला.

"ट्रान्सफॉर्मर बघ केवढा! तांबं आहे रे आत, तुळशा."

"हात नको लावूस."

"मी कुठं लावतोय? वहिनींनी फक्त बघून ठेव म्हटलंय."

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या सकाळी तुळशीदासनं हात टेकले. आता निदान आपल्या हातानं नीट सुटं करावं, शामरावच्या हातोड्यानं नको, म्हणून त्यानं पाना-पेचकस घेतला. प्लग काढला, कंडेन्सरमधली उरलेली वीज उतरवली आणि एकेक स्क्रू काढू लागला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून निघेल तो स्क्रू ओठांत धरायची त्याची गिरणीपासूनची सवय. पहिला स्क्रू ओठांत गेला. दुसरा गेला. आणि तो थांबला.

स्क्रू खारट होते.

त्यानं स्क्रू थुंकले. बोट चिनीमातीच्या पट्टीवर फिरवलं आणि चाटलं. खारट. दुसऱ्या पट्टीवर फिरवलं. त्याहून खारट. लहानपणी आई त्याला वलांडीवरचा बोंबील चाखायला लावायची, नेमकी तीच चव होती. वारा खारा, बोंबलांचे शिंतोडे खारे, आणि त्यात त्यानं हे यंत्र आरामात मुरत ठेवलं होतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्या ओलाव्यातून वीज नको तिथं पाझरते. मग रेघ कशी जागेवर राहील? जगात कुणी असलं यंत्र खारवलं नसेल. ते काम कोळ्याच्याच मुलानं करायचं होतं.

तो मोठमोठ्यानं हसू लागला. कालिंदी धावत आली.

"अहो, काय झालं? शॉक लागला?"

"कालिंदी, याला मीठ लागलंय! समुद्रानं मला सोडलं नाही, आता यालाही धरलं!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. मग बोट फिरवून तिनंही चाटून बघितलं. "आमसूल तेवढं कमी आहे," ती म्हणाली. "पण आता वाळवणार कुठं? उद्या नलू येते."

हा खरा प्रश्न होता. धुणं सोपं होतं. नळावर मीनाक्षीनं न विचारताच नंबर दिला आणि गोड्या पाण्याचे हंडेच्या हंडे यंत्रावरून गेले. पण दिवसभरात वाळवणार कसं? कालिंदीनंच चाळीच्या तळमजल्यावरच्या बेकरीकडे बोट दाखवलं. तिथं रामू पाव भाजायचा. भट्टीच्या माथ्यावर, जिथं तो पीठ फुगायला ठेवायचा, तिथं आचेची ऊब कायम असायची. कोरडी आणि बेताची.

रामूनं डोकं खाजवलं. "काका, ये फुगेगा तो नहीं ना?"

"फुगला तर तुझा."

यंत्र पावाच्या परातींमध्ये जाऊन बसलं. रामू दर घाण्याला त्याची कूस बदलत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बातमी होती की तुळशीदासनं यंदा ऑसिलोस्कोप भाजायला दिलाय.

नलू आली तेव्हा यंत्र कोपऱ्यात परत आलं होतं आणि तुळशीदास शेवटचा व्हॉल्व बसवत होता. नलूवरून भाकरतुकडा ओवाळला गेला, ती आत येऊन खाटेवर टेकली. दारात मीनाक्षी, मागं शामराव, गाडी खाली लावून आलेला. तुळशीदासनं डिमरस्टॅट हळूहळू फिरवला. व्हॉल्व तांबूस झाले. ठिपका आला, रेघ झाली. सगळे बघत होते. रेघ मध्यावर उभी राहिली. तिथंच राहिली. कालिंदीनं तव्यावरची पोळी उलटायची सोडून दिली होती. पोळी जळाली, तरी रेघ तिथंच होती.

"आता हलेल," शामराव आशेनं म्हणाला.

तुळशीदासनं दुकानातून आणलेला माईक जोडला आणि नलूपुढं धरला. "बोल काहीतरी."

"काय बोलू, बाबा?" नलू म्हणाली, आणि रेघेच्या सुंदर लहानलहान लाटा झाल्या. नलू खुदकन हसली, लाटाही हसल्या. मग मीनाक्षी बोलून गेली, तिची मुलं ओरडून गेली. शामराव खाकरला तेवढ्यानं काचेवर डोंगर उठले.

"आई, तू बोल ना."

"मला नाही बोलता येत मशीनशी."

"वहिनी, दोन शब्द," शामराव म्हणाला. "मग मी गाडीत घालायला मोकळा."

"कोण घालतो बघू गाडीत!" कालिंदी कडाडली. रेघ काचेच्या वर-खाली दोन्हीकडून बाहेर उसळली, आणि सगळ्यांना हसू आवरेना. कालिंदीनं डोळे मोठे करून पाहिलं. "हा माझा आवाज?"

"हाच," तुळशीदास म्हणाला. "मावत नाही मशीनमध्ये."

एव्हाना यंत्र चांगलं तापलं होतं, आणि त्याच्या पोटातून, दोन अंघोळी आणि एक भट्टी पचवून उरलेला, मंद वास खोलीभर पसरला. कालिंदीचा हात पदराकडे गेला. पण नलूनं डोळे मिटून तो वास आत ओढून घेतला.

"आई," ती म्हणाली, "मला सुके बोंबील पाहिजेत. आत्ता. पावाबरोबर."

कालिंदीनं यंत्राकडे पाहिलं. पोरीला डोहाळे लागले असतील तर ते यंत्रानं लावलेले का असेनात, पुरवायला तर हवेतच. तिनं पदर खोचला, खाटेखालची जुनी लोखंडी ट्रंक बाहेर ओढली, तिच्यातल्या गोधड्या काढून खाटेवर टाकल्या आणि रिकामी ट्रंक शामरावच्या पुढ्यात सरकवली.

"ही घेऊन जा. तिच्या जागी ते मशीन सरकवा, दोघं मिळून धरा. जपून हं, चालू वस्तू आहे."

"वहिनी, हिच्यात तांबं नाही," शामराव कुरकुरला.

"लोखंड आहे ना? उचला मग." ती तुळशीदासकडे वळली. "आणि तुम्ही काय बघत बसलात? वरळीला जा. सखूताईंना म्हणावं, नलू आलीय."