छत्तीसपैकी साडेआठ

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं, आणि तेही माउसच्या क्लिकने.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी नुकताच इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागलो होतो आणि घरी कॉम्प्युटर घेतला होता. बेंगळुरूतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात तो पहिलाच, त्यामुळे माझा रुबाब काही विचारू नका! त्यात दीपाअक्काची आणि रवीची पत्रिका जुळवायची वेळ आली. दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं, पण रवीचे वडील पत्रिकेशिवाय पाऊल न टाकणारे. अप्पा म्हणाले, गुरुजींना बोलावू. मी म्हटलं, छे, कॉम्प्युटर दोन मिनिटांत सांगेल.

पत्रिकेचा प्रोग्रॅम होता विंडोजचा. आणि आदल्याच रविवारी मी विंडोज काढून दुसरीच सिस्टिम टाकली होती! हिच्याही खिडक्याच, पण जास्त देखण्या. शिवाय विंडोजचे प्रोग्रॅम ती स्वतःच्या पोटात घेऊन चालवायची. खिडकीत खिडकी! (टाकताना ती देश कुठला, तारीख कशी लिहिता, असं बरंच विचारत होती. मी उत्साहाच्या भरात सगळ्याला 'हो' म्हणत गेलो.)

पाहुणे आले. मी कॉम्प्युटरपुढे खुर्च्या मांडल्या, दोन सिस्टिमचा संसार कसा सुखाचा चालतो यावर छोटंसं भाषण ठोकलं आणि दोघांच्या जन्मतारखा घातल्या. पडद्यावर उत्तर आलं. छत्तीसपैकी साडेआठ गुण.

कॉफीचा ट्रे घेऊन आलेली अक्का दारातच थबकली.

"स्वल्प नीट बघ रे," अप्पा पुटपुटले.

मी तीनदा बघितलं. तिन्ही वेळा साडेआठ, आणि तिन्ही वेळा सिस्टिम अचूक असल्याची ग्वाही मी छातीठोकपणे दिली. अक्काचे डोळे भरले. रवीचे वडील 'बरं, कळवतो' म्हणत चपला शोधू लागले.

रवी मात्र पडद्यापाशी वाकला. "दीपाचा महिना वैशाख कसा? ती दिवाळीतली ना? म्हणून तर नाव दीपा."

अक्का जन्मली पाच नोव्हेंबरला. नव्या सिस्टिमने मला अमेरिकन समजून महिना आधी धरला होता, आणि पोटातल्या प्रोग्रॅमने मुकाट्याने तेच मानून अक्काला अकरा मेला जन्माला घातलं होतं! (रवीचा जन्म सात जुलैचा. सातव्या महिन्यातली सात तारीख, कशीही वाचा.) तारीख सुधारली आणि गुण आले सत्तावीस. अक्का रडता रडता हसली. रवीच्या वडिलांनी 'सरी, सरी, ठीक आहे' म्हणत पायात चढवलेल्या चपला काढल्या आणि कॉफी मागितली.

लग्न थाटात झालं. पुढे माझ्यासाठी मुली बघायला लागले, तेव्हा अप्पा प्रत्येक घरी बसल्या बसल्या सांगत, "मुलगा कॉम्प्युटर इंजिनियर आहे, पण घाबरू नका. पत्रिका गुरुजीच बघतील."