गटिंगवाल्या चाचांचे गवतावरचे गडी

टेनिस हा डोळ्यांनी पाहायचा खेळ आहे, हे ज्याला जन्मात कधी मान्य झालं नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या शिवाजी पेठेत रॅकेटचं गटिंग करतो. गटिंग म्हणजे रॅकेटच्या चौकटीत तार ओवून, ताणून, जाळी बसवून देणं. ज्या पेठेत कुस्ती आणि फुटबॉल सोडून तिसऱ्या खेळाचं नाव काढणाऱ्याला लोक ‘पावणं, कुठल्या गावचं?’ असं विचारतात, तिथं या माणसानं पस्तीस वर्षं गटिंगचं दुकान चालवलं आणि वर ऐट अशी, की जणू जगातल्या यच्चयावत खेळाडूंना हातात रॅकेट धरण्याआधी याच्या पायरीवर येऊन सलाम करावा लागतो. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणते. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, म्हणून ते मला सर म्हणतात. पण माझा खेळ त्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. माझी रॅकेट अंगठ्याच्या नखानं एकदा छेडली आणि म्हणाले, “सर, हिला नवी तात नको. हिला नवा मानूस पायजे.” तेव्हापासून मी कोर्टावर कमी आणि त्यांच्या दुकानातल्या बाकड्यावर जास्त असतो.

तारेला ते तात म्हणतात, याला कारण आहे. चाचांचे वडील पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली हिंडायचे आणि दारात बसून लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. पिंजणाला आतड्याची तात ताणलेली असते आणि तिच्यावर ठोकळा मारला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा टणत्कार उठतो. अब्बांना म्हणे त्या आवाजावरून कापसात दमटपणा किती हे तर कळायचंच, पण गादीवर झोपणाऱ्या नवराबायकोचं पटतं की नाही हेही कळायचं. यातलं पहिलं मी सोडून देतो, दुसरं चाचांनी शपथेवर सांगितलं आहे. पुढं फोमच्या गाद्या आल्या, पिंजण खुंटीला लागलं, आणि अब्बांच्या या लेकानं तोच कान घेऊन रॅकेट हातात धरली. दुकानात वजनाचं एक जुनं हातमशीन आहे. तार किती पौंडांना ताणली हे त्याच्या दांडीवर दिसतं. चाचा ते वापरायचे, पण त्याच्यावर विश्वास असा कधी ठेवला नाही. दांडी काहीही म्हणो, शेवटी नखानं तार छेडायची, मान थोडी तिरकी करायची, आणि मगच गाठ मारायची. मशीन त्यांच्या हिशोबी सरकारी साक्षीदार होतं. बोलावलं की येणार आणि शिकवलं तेवढंच बोलणार.

या माणसाला टेनिसमधलं गवताचं कोर्ट तेवढं मान्य. सिमेंटच्या कोर्टावरच्या जगज्जेत्याचं नाव काढलं तर ते पानाची पिंक टाकायला उठून जात. एकदा मी कारण विचारलं, तेव्हा माझ्या भूगोलाची कीव केल्यासारखं बघून म्हणाले, “सिमिटावर बॉल आपटला की सिमिटच वरडतंय. मातीवर गडी घसरत्यात, त्येंच्या बुटांचाच कालवा. गवत बोलत न्हाय सर. मग तात काय म्हनतीया ते ऐकू येतंय की.” म्हणून जून लागला आणि विलायतेतल्या गवतावरच्या स्पर्धा सुरू झाल्या की चाचांचा सण सुरू व्हायचा. दुकानातल्या टीव्हीसमोर खुर्ची टाकून, हनुवटी छातीला लावून आणि डोळे गच्च मिटून ते सामना ‘बघत’. मुरगूडहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला वाटलं, म्हातारा झोपलाय, वीज कशाला जाळा. त्यानं टीव्ही बंद केला. चाचांनी डोळे न उघडता सांगितलं, “चाळीस-तीस झाल्यात पावणं. लावा परत.”

स्पर्धेची सोडत, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी ती यादी, जाहीर झाली की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चाचा सगळ्या खेळाडूंचे परिचय आणि भवितव्य लिहून काढत आणि शटरच्या आतल्या बाजूला चिकटवत. खेळाडूंची खरी नावं त्यांना उच्चारता येत नसत आणि त्यांची गरजही नव्हती. प्रत्येकाला आवाजावरून नाव होतं. एकाचं नाव पापड, एकाचं हातोडी, एकाचं रजई, आणि ज्याच्या रॅकेटवर आलेला चेंडू खट्‌ आवाज करून परत जाई, तो कुलूप. परिचय असे: ‘रजई. मन चांगले, तात मऊ. तिसऱ्या फेरीत झोपणार.’ ‘पापड. सकाळी कडक, दुपारी सादळतो. सामना किती वाजता आहे ते बघावे.’ ‘हातोडी. रागीट. रागाच्या भरात जिंकेल, राग गेला की हरेल.’ वर्तमानपत्रांतले जाणकार आकडे मांडमांडून जे सांगत, त्यापेक्षा शटरवरचं भवितव्य जास्त खरं ठरे, आणि ठरलं नाही तर चाचांच्या मते चूक खेळाडूची असे. दूध आणायला निघालेली माणसं किटली हातात धरून ते वाचत उभी राहत. टेनिसमध्ये गुण पंधरा, तीस, चाळीस असे का वाढतात हे आमच्या पेठेत कुणाला सांगता येत नाही, पण रजई तिसऱ्या फेरीत का झोपतो यावर तालमीच्या कट्ट्यावर तासभर वाद चालत.

अलीकडे मात्र शटरवरच्या मजकुराचा रंग बदलत चालला होता. पापडासमोर ‘यंदा ढिला’ असं आलं. मग हातोडीही ढिला, रजईचं तर विचारायलाच नको. एका वर्षी सगळ्याच्या सगळे ढिले, आणि खाली शेरा: ‘यंदा कोणाचेच काही खरे नाही.’ ढिले गडी मात्र एकापाठोपाठ एक जिंकत गेले. चाचांनी आधी टीव्हीला दोष दिला आणि तो बदलला. मग म्हणाले, चेंडूवरची लव हलकी आलीय. मग म्हणाले, गवतच ओलं आहे. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांच्या तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच. टीव्हीचा आवाज एवढा चढला होता की पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानातला माणूस गुण ऐकून दाढी करत होता. गटिंग करून नेलेल्या रॅकेटी परत यायला लागल्या. हात भरून येतो, लई टाईट झालंय, असं लोक म्हणत, आणि चाचा त्यांना जेवण वाढवायचा सल्ला देऊन परत पाठवत. माझंही कोपर दोन महिने दुखत होतं. मी ते डॉक्टरला सांगितलं, चाचांना नाही.

आता अनिकेतचं सांगायला हवं. एसटीतल्या एका कंडक्टरचा हा मुलगा, आता चोवीस वर्षांचा. नऊ वर्षांचा असताना कुणाची तरी जुनी रॅकेट घेऊन चाचांच्या पायरीवर आला, आणि तेव्हापासून गाव सोडून खेळायला जाईपर्यंत त्याच्या रॅकेटला चाचांशिवाय दुसऱ्याचा हात लागला नाही. पुढं तो व्यावसायिक झाला, देशोदेशी छोट्या-मोठ्या स्पर्धा खेळायला लागला, तेव्हा तिथला माणूस तार बसवी. पण बसवली की अनिकेत फोन लावून तारेवर नख मारी, आणि इकडे चाचा मान तिरकी करून कौल देत. एक पौंड कमी, अर्धा जास्त, ठीक आहे, जा खेळ. कौल मिळाल्याशिवाय पोरगा कोर्टावर उतरत नसे. गंमत म्हणजे त्याच्यासाठी शटरवर कधी एक ओळ आली नाही आणि त्याला नावही मिळालं नाही. घरच्या माणसाचं लिहू नये, एवढंच चाचा म्हणत.

या जूनमध्ये अनिकेत पात्रता फेऱ्या जिंकून पहिल्यांदाच गवतावरच्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य सोडतीत गेला, आणि पहिल्याच फेरीत समोर आला कुलूप. मानांकित गडी. पेठेत सगळीकडे तेवढंच बोलणं. आमच्या पोराचं काय होणार ते लिहा, म्हणून लोक चाचांच्या मागं लागले. चाचा म्हणाले, ऐकल्याशिवाय सांगत नसतो. सामन्याच्या आदल्या दुपारी अनिकेतचा फोन आला. त्यानं नख मारलं, तार वाजली. चाचांचं तोंड उतरलं. “ढिली हाय,” ते म्हणाले. “तीन पौंड चढीव.” परवा खेळलो तेवढीच आहे, असं अनिकेत चाचरत म्हणाला. चाचांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. त्यांना दुसऱ्यांदा सांगायची सवयच नव्हती. पोरगा बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

मी तिथंच बाकड्यावर होतो. तीन पौंड म्हणजे किती हे मला दुखऱ्या कोपरामुळं चांगलं कळत होतं, तरी मी गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते. बोलल्या त्या चाची. त्या आतल्या खोलीत गोधडीला टाके घालत होत्या. तिथूनच, सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, “कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी तुमी म्हनतासा एक बी न्हाय झाली. आनि सात समुद्रापल्याडची तार ऐकू येती व्हय तुमास्नी?”

चाचांनी एक रॅकेट मशीनवर चढवली, एक तार ताणली, नखानं छेडली. मला ती टणकन वाजलेली ऐकू आली. चाचांनी मान तिरकी केली, आणखी तिरकी केली आणि दांडीकडे पाहिलं. कान म्हणत होता ढिली, दांडी म्हणत होती घट्ट. मग ते उठून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा घेऊन आले आणि त्यावर मशीनचं वजन अडकवून बघितलं. ताणकाटाही दांडीसारखंच बोलला. पस्तीस वर्षं ज्याला लबाड म्हटलं त्या मशीनसमोर ते बराच वेळ उभे होते. शेवटी मला म्हणाले, “सर, तुमचं कोपार का दुखतंय ते आज कळलं.” माझं कोपर दुखतं हे त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं.

आपण चुकलो, असं या माणसाच्या तोंडून चाचींनीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी मला अनिकेतला फोन लावायला सांगितलं. चारही रॅकेटी त्यानं तीन पौंड चढवून घेतल्या होत्या. “काड त्या ताती,” चाचा म्हणाले. “आत्ताच्या आत्ता काड. मी सांगितलं ते चुकीचं हाय. तुज्या तातीत खोट न्हवती, माजा कान गेलाय. तुज्या कानानं लाव.” पलीकडून अनिकेत घाबरून म्हणाला की चाचा, मला तुमच्यासारखं ऐकू येत न्हाय. फोनचा आवाज पूर्ण चढवला होता, तरी मला ते वाक्य चाचांच्या कानाशी पुन्हा सांगावं लागलं. त्यावर ते म्हणाले, “मला तरी कुठं येतंय रं आता?” आणि फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणीतरी मोबाईल टीव्हीला जोडून दिला होता. चाचा नेहमीच्या खुर्चीत बसले, पण हनुवटी छातीला लावली नाही. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सरळ पडद्याकडे बघायला लागले. पहिली दहा मिनिटं ते खेळापेक्षा कुलपाकडेच बघत होते. “एवढा बारीक हाय व्हय ह्यो?” ते मला म्हणाले. “आवाजावरनं मला पैलवान वाटलाता.” आठ वर्षं ज्याचं भवितव्य लिहिलं त्याचं तोंड ते पहिल्यांदा बघत होते. त्याला केस कमी आहेत याचं त्यांना वाईट वाटलं.

पहिला सेट कुलपानं घेतला. दुसऱ्यात अनिकेत सुटला. चाचा माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, “आवाज कसा हाय सर?” वीस वर्षं त्या बाकड्यावर बसून मला या आवाजातलं ओ की ठो कळलेलं नव्हतं. पण विचारल्यावर मी डोळे मिटले, आणि खरंच सांगतो, त्या गवतावर दुसरा काहीच आवाज नव्हता. कुलपाचा खट्‌, आणि आमच्या पोराचा टणक, भरीव, मागं थोडा रेंगाळणारा. मी तसं सांगितलं. रेंगाळतोय म्हटल्यावर चाचांनी मांडीवर थाप मारली. तार बरोबर लागली आहे, असं त्यांनी सगळ्या दुकानाला जाहीर केलं. दुसरा सेट अनिकेतनं घेतला तेव्हा बाहेर रस्त्यावरची रहदारी थांबली होती. तिसरा आणि शेवटचा मात्र सात-पाच असा गेला. पण हरलेल्या गड्यासाठी पेठेनं एवढ्या शिट्ट्या मारलेल्या मी फुटबॉलच्या मैदानावरही ऐकल्या नाहीत. कुलपानं जाळीपाशी येऊन अनिकेतला मिठी मारली, तेव्हा आपल्याच घरात कुणी पाहुणा नीट वागल्यासारखं चाचांनी समाधानानं मान हलवली.

तासाभरानं अनिकेतचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून चाचांच्या हातात दिला. पोरगा हरल्याबद्दल काही बोलला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की चाचा, आवाज कसा वाटला? मी प्रश्न त्यांच्या कानात सांगितला.

“आवाज सरांनी ऐकला,” चाचा म्हणाले. “मी तुला बघितलं. पंदरा वर्सं मी नुसती तुजी तात ऐकली, पोरा, तुला खेळताना कदी बघितलंच न्हवतं. लई देखना खेळतोस रं.”

चाचांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, मग पुन्हा पहिल्या कानाला. शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, “काय म्हनतोय?”

मी म्हटलं, “काही म्हणत नाही. ऐकतोय.”