मेणबत्त्या लावलेली क्रुम्पिरुशा

सिस्टर क्लाउदिया मला पहिल्यांदा दिसल्या त्या आमच्या कॅथलिक शाळेच्या फाटकात. येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या त्याच्या घरच्या रीतीने अभिवादन करत होत्या. गडबडीत ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन दुशानलाच त्यांनी मुसलमानी सलाम केला.

"सिस्टर, तो मी नव्हे! सलामवाला वेदाद माझ्या मागे आहे."

"मग मागे पोचता कर," सिस्टर म्हणाल्या.

बोस्नियातल्या आमच्या गावात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मुसलमान अशी तिन्हीकडची पोरं एकाच बाकावर बसतात. मी मुसलमान, गणित शिकवायचो; चौथीचा वर्ग सिस्टरांचा.

एका वसंतात रमजान आणि ईस्टरआधीचे उपवास एकत्र आले, आणि नेमका त्यातच लोरेनाचा वाढदिवस. पोरगी शाळेत नवी, अजून कुणाशी गट्टी नाही. 'सगळ्यांनी माझा केक खायचा' एवढाच तिचा हट्ट. पण वेदादला रोजा. दुशानला दूध, लोणी, अंडी वर्ज्य. कॅथलिक मुलांनी गोड सोडलेलं. सिस्टरांनी झटकन निकाल दिला, "मग उद्या कुणीच काही खायचं नाही. सगळे समान!"

लोरेनाने बाकावर डोकं टेकलं. "मग मी जन्मले तरी कशाला?"

सिस्टर शिक्षकांच्या खोलीत आल्या. "सर, सगळ्यांना एकच माप लावलं, तरी पोर रडली!"

"सिस्टर, सगळ्यांच्या पुढचं ताट उचललंत. ही कसली समानता? ही तर जप्ती!"

त्या खो खो हसल्या, तशाच वर्गात परतल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. आता तुम्हीच सांगा, कुणाला काय चालतं?"

"मला सगळं चालतं," वेदाद म्हणाला, "फक्त संध्याकाळी किल्ल्यावरची रोजा सुटायची तोफ उडू द्या."

"मी चॉकलेट सोडलंय," इवोना पुटपुटली. "केकचं काही बोलले नव्हते. पण वर कळतंच ना!"

लोरेनाने डोकं वर केलं. "आमच्या आजीची क्रुम्पिरुशा चालेल? नुसता बटाटा, कांदा आणि तेल. वर पातळ पापुद्रा."

वर्गात असा कल्ला झाला की शिक्षकांच्या खोलीतून मला धावत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला सगळे पुन्हा शाळेत जमले. आजीने परातभर क्रुम्पिरुशा आणली होती. मेणबत्त्या बटाट्यात काही सरळ उभ्या राहीनात. वेदाद खिडकीत, डोळे किल्ल्याकडे.

"उडाली का रे?" दुशानने दहाव्यांदा विचारलं.

"तुला काय घाई? रोजा माझा आहे!"

तेवढ्यात तोफ उडाली. लोरेना मेणबत्त्या विझवते न विझवते तोच चहूबाजूंनी हात पडले आणि परात साफ झाली.

"मला उरलीच नाही!" लोरेना आनंदाने ओरडत वर्गभर नाचली. वेदादने आपल्या तुकड्यातला अर्धा तिच्या तोंडात कोंबला.

मी निवृत्त झालो. सिस्टर क्लाउदिया अजून चौथीलाच शिकवतात, आणि वर्गात काहीही करायचं ठरलं की आधी मुलांना विचारतात.