फायबरचा डोंगा

पुराच्या वर्षी सरकारी लोकांनी पवनीला एक फायबरची बोट आणली होती. पूर ओसरता ओसरता ती खडकावर आपटून बुडाशी फाटली आणि पुढची दोन वर्षं कचेरीमागच्या बाभळीखाली उपडी पडून राहिली. त्याच पुरात माझ्या वडिलांचा लाकडी डोंगा वाहून गेला होता. आम्ही धिवर. ज्याचा डोंगा गेला, त्याने दुसऱ्याच्या डोंग्यावर हाताखाली जायचं, एवढं ते सरळ होतं. वडिलांनी दोन वर्षं ते टाळलं. काठावरून जाळं फेकायचे, तलावात शिंगाडे काढायला जायचे, पण कोणाच्या डोंग्यात पाय ठेवला नाही.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो. विषय रसायनशास्त्र. आमच्या मोहल्ल्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि हे मी कोणाला विसरू देत नव्हतो. ती बोट मागायचा अर्ज मीच लिहिला. कचेरीतल्या साहेबांनी वाचला, अक्षर कोणाचं म्हणून विचारलं आणि म्हणाले, "घेऊन जा. जागा तरी मोकळी होईल."

बैलबंडीवर चढवायला दोघंच पुरले, इतकी ती हलकी. धाकटे काका, ज्यांचा स्वतःचा डोंगा शाबूत होता, बंडीमागे चालत होते. "भाऊ, हा डोंगा हाये का बाहुलीचा पाळना?" ते वडिलांना म्हणाले. वडील हसले. खूप दिवसांनी हसले.

नागपूरला जाऊन मी रेझिन, ते कडक करणारं हार्डनर आणि काचेच्या धाग्यांची मॅट आणली. दुकानदाराने सोबत इंग्रजीतला एक छापील कागद दिला. तो मी अंगणात वडिलांना आधी इंग्रजीत वाचून दाखवला, मग मराठीत. इंग्रजीत वाचायची काही गरज नव्हती. वडील खांद्यावरचा दुपट्टा सावरून ऐकत राहिले. "म्हंजे लावाचं औषध हाये हे," ते म्हणाले.

कागदावरचं माप थंड हवेसाठी असावं. आमच्याकडे वैशाख होता. पहिला डबा कालवला तसा तो हातात तापला, धुरावला आणि ब्रशसकट दगड झाला. वडिलांनी ब्रशची दांडी ओढून पाहिली. "गोटा झाला ना रे याचा," ते एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी ऊन चढायच्या आत काम उरकू लागलो, हार्डनरही कमी घातलं. फाटलेल्या कडा घासायचं काम वडिलांनी घेतलं. काचेची कुसळं त्यांच्या हाताला, गळ्याला टोचायची. रात्रभर खाजवायचे, सकाळी पुन्हा बसायचे. शेवटी मॅटचे तीन थर देऊन बुडाला ठिगळ बसलं. बोटांनी ठोकलं की टणक वाजायचं.

त्या बोटीला दोन कवचं होती, आणि तरंगायला सोपं जावं म्हणून मध्ये पिवळा फोम भरलेला होता. आतल्या तळाला बारीक भेगा होत्या. मला त्या दिसल्या होत्या. कागदात लिहिलं होतं की असा भाग कापून, वाळवून भरावा. मी उरलेलं रेझिन वरून पुसून दिलं. पाणी खालून येतं, वरून नाही, असा माझा हिशेब.

काम संपलं तसे वडील म्हणाले, "आता चार दिस बुडवून ठेवू."

आमच्याकडे उन्हाळाभर वाळलेला डोंगा नदीत तसाच घालत नाहीत. गोटे भरून डोहात बुडवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे मिटतात. मगच तो धारेला लावायचा.

मी म्हणालो, "याले बुडवाचं नाही, बाबा."

"काहून?"

"तुमाले नाही समजनार."

दुसऱ्या दिवशी मी नाकाडोंगरीला गेलो. तिथल्या शाळेत मास्तरच्या जागेसाठी बोलावणं होतं. तिथून आणखी एका ठिकाणी अर्ज द्यायला गेलो आणि सहाव्या दिवशी परतलो. बोट डोहाच्या काठावर सुकी, स्वच्छ धुतलेली उभी होती. पाण्यात ढकलायला मात्र चौघं लागले. काका म्हणाले, "बीएस्सीनं वजन वाढवलं हिचं."

"रेझिन जड असते," मी म्हणालो. आणि ते कसं, ते सगळ्यांना समजावूनही सांगितलं.

डोहाच्या शांत पाण्यात बोट तरंगली. थोडी खोल बसली होती, पण तरंगली. आषाढात नदी भरली तेव्हा वडील आणि काका जाळं घेऊन तीत बसले. मी घाटावर होतो. मधल्या धारेत काका जाळं ओढायला उठले, बोट एका अंगाला कलली आणि पुन्हा सरळ झालीच नाही. कडेवरून पाणी आत गेलं. दोघंही पोहणारे, ते खालच्या अंगाला काठाला लागले. जाळं गेलं. बोट वळणावरच्या खडकात अडकली आणि उभी चिरली.

पाणी उतरल्यावर आम्ही तिथे गेलो. चिरलेल्या बुडातून फोम बाहेर आला होता. दाबला की पाणी गळायचं. माझं ठिगळ मात्र जागच्या जागी होतं. बोट त्याच्या शेजारून फाटली होती. हे मी तिथे जमलेल्या लोकांना हात लावून दाखवलं.

मग विचारलं, "यात पानी कसं गेलं?"

वडील म्हणाले, "मी बुडवला होता. तू गेला तवा. चार दिस."

गोट्यांच्या भाराने आतल्या भेगा उघडल्या असणार. घाटावर परतल्यावर मी काकांसमोर, बायका धुणं धूत होत्या त्यांच्यासमोर बापाला बोललो. अडाणी म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही. भेगा मीच तशा सोडल्या होत्या, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू नाही म्हनला, थे मले याद हाये. काहून नाही, थे सांगतलं नाहीस. मले वाटलं, पोरानं येवढी मेहनत केली, पक्की व्हावी."

आठ दिवसांनी ते काकांच्या डोंग्यावर गेले. आमच्यात ज्याचा डोंगा तो मागे वल्ह्यावर बसतो, हाताखालचा पुढे जाळ्यावर. काकांनी वल्हं त्यांच्यापुढे धरलं. "तू बस मागं, भाऊ. मले लाज वाटते."

"डोंगा तुहा हाये," वडील म्हणाले आणि पुढे जाऊन बसले.

त्याच आठवड्यात मला नाकाडोंगरीच्या शाळेची ऑर्डर आली होती. ती खिशात घेऊन मी घाटावर उभा होतो. काका मागून सांगत होते, कुठे जाळं टाकायचं, कधी ओढायचं, आणि वडील मान न वळवता 'हो' म्हणत होते.