सांडपाण्याचं विरजण

गावाचं सगळं सांडपाणी समुद्रकाठच्या ज्या केंद्रात येऊन पडतं, तिथे टाकीवाला एकोणीस वर्षं नोकरीला होता. एवढ्या काळात गावाला त्याची आठवण फक्त वास आल्यावर झाली. त्यालाही गावाची आठवण तेव्हाच व्हायची. त्यामुळे दोन्हीकडचा राग कायम ताजा राहिला.

रोज सकाळी तो टाकीतलं तपकिरी पाणी काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवी. अर्ध्या तासात गाळ तळाला बसून वर नितळ पाणी दिसलं, की टाकीतले जंतू जिवंत आहेत आणि घाण खातायत, असं समजायचं. माणसांपेक्षा त्याला या जंतूंची कदर जास्त होती. ते काम करत आणि बोलत नसत.

मग वरून पाहणीचं पत्र आलं. नगराध्यक्षांनी जोडणी असलेल्या घरोघरी फर्मान काढलं: संडास, मोऱ्या लख्ख करा. आज्ञाधारकपणा हा या गावाचा गुण नव्हे, पण त्या दिवशी तो अंगात संचारला. घराघरातून ॲसिड, फिनेल, ब्लीचिंग पावडर वाहत टाकीत आली. दोन दिवसांत जंतू मेले, बरणी गढूळच राहिली आणि वास थेट नगराध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीपर्यंत गेला.

ते नाकाला रुमाल लावून फाटकाशी आले. मागे अर्धं गाव.

"काय रे, झोपा काढतोस का इथे?"

"जंतू मेले, साहेब. तुमच्या साफसफाईनं."

"म्हणजे स्वच्छता केली तेही आमचंच चुकलं! ते पाणी सोड सरळ समुद्रात. भरतीला कुणाला कळतंय?"

"त्या झडपेची किल्ली माझ्याकडे आहे."

"आणि तुझी नोकरी माझ्याकडे. पुढच्या शुक्रवारी पाहणी. आदल्या दिवशी ही बरणी नितळ दिसली नाही, तर किल्ली ठेवायची आणि घरी बसायचं."

जंतू पुन्हा वाढवायचे तर दुसरीकडचा जिवंत गाळ टाकीत घालावा लागतो. तो मिळेल असं दुसरं केंद्र दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तिथलेही त्याच्याशी बोलत नव्हते. गावात ॲसिड न पडलेली संडासाची टाकी एकच उरली होती. ती त्याच्या थोरल्या बहिणीच्या परसात होती. तिने गावाची जोडणी कधी घेतलीच नव्हती, म्हणून फर्मानही तिच्याकडे गेलं नव्हतं. तिच्याकडे जायच्या त्या 'जोडणी घ्या' म्हणणाऱ्या याच्या नोटिसा, गेली नऊ वर्षं दरवर्षी एक.

ताई दारातच उभी राहिली.

"नऊ नोटिसा चिकटवल्यास या दाराला. 'रोगराईचं आगर' लिहिलंस माझ्या घराला. आता आगर उपसायला आलास?"

"विरजण लागतंय, ताई."

"भांडं आणलंयस?"

"टँकर आणलाय."

"मग आधी केंद्राच्या फाटकाशी उभा राहून सगळ्यांसमोर सांग. अख्ख्या गावात शहाणी टाकी एकच, ती माझ्या ताईची."

कडू औषध प्यावं तशा चेहऱ्याने त्याने ते सांगितलं. गाव पोट धरून हसलं. त्यानंतरच ताईने टँकर भरू दिला.

त्या गुरुवारी बरणीत गाळ बसायला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागला, पण बसला. पाहणी पार पडली. अहवालात नागरिकांच्या स्वच्छतेचं कौतुक होतं. नगराध्यक्षांनी खूश होऊन ही मोहीम दरवर्षी घ्यायची ठरवली.

सोमवारी टाकीवाला दहावी नोटीस घेऊन ताईच्या दारात गेला.

"नियम आहे," तो म्हणाला.

"असू दे की. पुढच्या वर्षी विरजण कुठून आणणार, तेवढं सांग आणि चिकटव."

त्याने नोटीस घडी घालून खिशात ठेवली. ती नोटीस अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर तारीख घालायची राहिली आहे.